ताकद आधी येते, दंड नंतर

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत, आणि तीही जेवणानंतरची. म्हणजे निम्मे डोळे मिटलेले असणार हे गृहीत धरूनच मी उभी आहे. मध्येच सगळ्यांना उठायला लावणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

विषय दिला होता ‘साठीतलं आरोग्य’. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांवर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी इतकं ज्ञान येतं की त्यात मी भर घालत नाही. मी वजनं उचलण्याबद्दल बोलणार आहे. साताऱ्यात शिकले आणि सांगलीत गेली तीस वर्षं फिजिओथेरपीचं काम करते आहे. या दोन्ही जिल्ह्यांना तालमीचा नाद आहे, आणि तरीही आपल्या वयाच्या माणसाला वजन उचलायला सांगितलं की तो दचकतो.

ग्रुपवर मी विषय जाहीर केला तेव्हा दोन प्रश्न लगेच आले. एका मित्राने विचारलं, “आता या वयात दंड येणार आहेत का? मग कशाला उचलायचं?” एका मैत्रिणीने विचारलं, “वजनं उचलून अंग पुरुषी होणार नाही ना?” एकाला दंड येणार नाहीत याचं दुःख, दुसरीला येतील याची भीती. दोघांचा समज मात्र एकच, की ताकद म्हणजे आकार. तो समज दूर झाला तर माझं आजचं काम झालं.

याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. सांगलीचा संकेत सरगर. वडिलांची पानाची टपरी आणि सराव दिग्विजय व्यायामशाळेत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्या वेळचं भारताचं पहिलं पदक त्याने मिळवलं. स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८ किलो. सुवर्णपदक एका किलोने हुकलं, कारण जर्क करताना त्याच्या कोपराला दुखापत झाली. पण आपल्याला पाहायचा आहे तो त्याचा गट, ५५ किलोचा. आपल्या वर्गात आज ५५ किलोचं कोण आहे? हात वर झालेले दिसत नाहीत! त्या ५५ किलोच्या मुलाने स्वतःच्या जवळजवळ अडीचपट वजन डोक्यावर नेलं. त्याची बहीण काजोल. त्याच वर्षी तिने खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्णपदक घेतलं, दोन्ही प्रकार मिळून ११३ किलो उचलून. चाळीस किलोच्या मुलीचं अंग पुरुषी असतं का?

वजनगटाचा नियम असा, की अंग वाढवायची सोय नाही. वजन गटाबाहेर गेलं की स्पर्धेबाहेर. मग वर्षानुवर्षं सराव करून हे खेळाडू वाढवतात काय? त्याच आकाराच्या स्नायूतून जास्त काम काढून घेण्याची कला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवा. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारा हा पैलवान बँटमवेट गटातला, म्हणजे साधारण ५७ किलोचा. कवठेपिरानच्या मारुती मान्यांसारखा धिप्पाड देह हा पैलवानकीचा एक नमुना, खाशाबा हा दुसरा. ताकद दोघांकडेही होती.

आता हे घडतं कसं ते पाहू. विज्ञानाच्या सरांची क्षमा मागून शाळेच्याच भाषेत सांगते. स्नायू म्हणजे हजारो बारीक तंतूंचा जुडगा. पाठीच्या कण्यातून निघालेली एकेक नस या तंतूंचा एकेक गट चालवते. आपण बसून राहणारी माणसं जोर लावतो तेव्हा सगळे गट कामाला येतच नाहीत. हजेरी घेतली तर निम्मा वर्ग गैरहजर! वजन उचलण्याचा सराव सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत हजेरी सुधारते. जास्त गट कामाला येतात, भराभर इशारे मिळाल्याने प्रत्येक गट जोमाने ओढतो, आणि जो स्नायू उलट बाजूने ओढून अडथळा आणत होता तो सैल सोडायला शिकतो. रस्सीखेचेत मुलं तीच असतात, पण ‘हुप्प’ म्हणताच सगळ्यांनी एकदम ओढलं की दोर सरकतो, तसंच.

म्हणून पहिल्या महिना-दोन महिन्यांत ताकद झपाट्याने वाढते, आणि टेपने दंड मोजला तर फरक जेमतेम. पुष्कळ लोक नेमके इथेच सोडून देतात. आरशात काही दिसत नाही म्हणून व्यायाम लागू पडत नाही असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात आतलं काम जोरात चाललेलं असतं.

आकाराचं काम त्यामागून दिसायला लागतं. ताण पडलेल्या तंतूंमध्ये नवी प्रथिनं भरली जातात आणि तंतू जाड होतात. तंतूंची संख्या जवळपास तेवढीच राहते, जाडी वाढते. ही भरती व्यायाम करताना होत नाही, नंतरच्या एक-दोन दिवसांत जेवणातून आणि झोपेतून होते. म्हणून एकाच स्नायूला रोज रगडायचं नसतं, मध्ये एखादा दिवस सोडायचा. बायकांमध्ये ही जाडी बेताचीच वाढते, कारण पुरुषी संप्रेरक त्यांच्यात फार कमी असतं. ताकद मात्र, आपापल्या सुरुवातीच्या मानाने, पुरुषांइतकीच वाढते. तेव्हा मैत्रिणींनो, निश्चिंत राहा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही रोज चालतो, सूर्यनमस्कार घालतो, ते पुरे नाही का? सूर्यनमस्काराबद्दल साताऱ्याच्या माणसाने वावगं बोलणं शक्यच नाही. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये नेले आणि जगभर त्याचा प्रसार केला. दम, लवचीकपणा, खांद्यांची हालचाल यांसाठी ते उत्तमच आहेत. चालणं हृदयासाठी हवंच. पण ताकदीचा नियम वेगळा आहे. शरीर जेवढा भार पडतो तेवढंच तयार होतं, आणि एकदा तयार झालं की तोच भार त्याला पुरेसा वाटत नाही. बारा नमस्कार जमू लागल्यावर चोवीस घातले तर दम वाढेल, ताकद फारशी नाही. ताकदीसाठी भार वाढावा लागतो.

जुन्या तालमीला हे ठाऊक होतं. म्हणून तिथे एकाच वजनाची मुद्गलं नसत, लहान-मोठी असत. दगडी नालही हलके-भारी असत, आणि पोर हलक्यावरून भारीकडे जाई. वैद्यकाने हा नियम उशिरा मान्य केला. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांना गुडघ्यासाठी हलका व्यायाम शेकडो वेळा करायला लावत. थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकी लष्करी डॉक्टरने उलटं केलं. भार जास्त, आवर्तनं थोडी, आणि भार हळूहळू वाढवत न्यायचा. सैनिक लवकर बरे होऊ लागले. १९४५ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केलं आणि आमच्या फिजिओथेरपीची दिशा बदलली.

आता आपल्या वयाकडे येते. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग कमी होतो. साठीनंतर हा वेग वाढतो, आणि आकारापेक्षा ताकद लवकर ओसरते. वजनकाट्यावर हे कळत नाही, कारण स्नायूच्या जागी चरबी येते आणि काटा तोच आकडा दाखवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपण भारतीय दिसायला बारीक आणि आतून चरबीचे. जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवून ठेवण्याचं मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान झालं तर साखर जाणार कुठे? आपल्या घराघरातल्या मधुमेहाशी स्नायूंचा संबंध आहे तो असा.

“पण आता उशीर झाला,” असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगते. १९९० साली बोस्टनमध्ये डॉ. मारिया फियातारोन यांनी वृद्धांच्या एका संस्थेतल्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. सरासरी वय किती? नव्वद! त्यातल्या नऊ जणांनी तो पूर्ण केला. मांडीचा स्नायू सुमारे ९ टक्के वाढला. आणि ताकद? सरासरी १७४ टक्के, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवा, माझं सगळं भाषण त्यात आलं. मात्र व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्या ताकदीतली सुमारे ३२ टक्के गेली. हे औषध रक्तदाबाच्या गोळीसारखंच आहे, चालू ठेवावं लागतं.

माझ्याकडे येणाऱ्या घरच्या लोकांचा प्रश्न असतो, “आईला आधाराशिवाय उठता येईल का?” आई दंड दाखवायला निघालेली नसते. तिला रात्री कुणाला न उठवता संडासला जायचं असतं. म्हातारपणी स्वाभिमान हा बराचसा मांडीच्या स्नायूंवर उभा असतो.

चला, आता उठायची वेळ. खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर आडवे धरा. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. दुखणं असेल त्यांनी करू नये. गुरुजनांनी बसूनच आमची मोजणी करावी. कुणी खोटा आकडा सांगितला तर पट्टी आहेच!

(इथे सभागृहात सर्वांनी ही चाचणी करून पाहिली.)

साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाचा आकडा १४ पेक्षा कमी आणि बाईचा १२ पेक्षा कमी आला, तर पायांची ताकद सरासरीहून कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त आहे, असं समजतात. आपल्यातले बरेच जण काठावर आहेत, हे आत्ता आपण सगळ्यांनी पाहिलं.

यावर उपाय घरातच आहे. नातवाचं जुनं दप्तर घ्या आणि त्यात दोन-तीन किलो तांदूळ भरा. ते छातीशी धरून खुर्चीवरून उठा-बसा. तेच दप्तर, पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून जमिनीवरून उचला. एक हात टेबलावर टेकून दुसऱ्या हाताने दप्तर कोपर मागे नेत वर ओढा. भिंतीला हात टेकून जोर काढा; ते सोपे झाले की ओट्याला टेकून काढा. शेवटी टाचा उचला. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, असे दोन-तीन फेरे, आठवड्यातून दोन दिवस. शेवटची दोन आवर्तनं कष्टाची वाटली पाहिजेत. बारा सहज होऊ लागली की दप्तरात अर्धा-एक किलो वाढवा. उचलताना श्वास कोंडू नका, सोडा. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया किंवा नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या दिवशी अंग आंबणं चालेल, सांध्यात कळ आली तर थांबायचं.

खाण्याचं थोडक्यात. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. अंड्यात साधारण सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यांत सात. मटकीची उसळ, घट्ट वरण, दही रोज हवं. मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आणि घरातलं तरुण पोर तीन महिन्यांत फुगलेलं दिसलं तर पाठ थोपटण्याआधी चौकशी करा. ताकद आधी आणि आकार नंतर हा क्रम उलटा दिसला तर बऱ्याचदा त्यामागे इंजेक्शन असतं. त्याची किंमत हृदय, यकृत आणि पुढे होणारी मुलं यांच्यात मोजावी लागते.

शाळेत पी.टी.चा तास बुडवण्यात आपली तुकडी पुढे होती. आता हजेरी घेणारं कुणी नाही, स्वतःची स्वतःच घ्यायची आहे. पुढचा मेळावा पाच वर्षांनी ठरला आहे. तेव्हा सकाळी सगळ्यांनी मिळून अजिंक्यतारा चढायचा, असं मी इथे सुचवते. वर गाडीने जाता येतं, पण जे पायी येतील त्यांनाच नाश्ता.