तोंड उघडा, मग बाकीचं बघू
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ सभासदांच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर बोलायला मला उभं केलं, याचं खरं तर मलाच हसू आलं. मी बँकेतला माणूस. डॉक्टर नाही, वैद्य नाही. पण कमिटीने सांगितलं की तुम्हाला जे झालं तेवढंच सांगा. म्हणून दातांबद्दल बोलतो.

मला १४ वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या वेळेवर, मेहरूण तलावाला रोजची फेरी, चहा बिनसाखरेचा. तरी तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे ती एचबीए१सी, ८.९ च्या खाली यायला तयार नव्हती. डॉक्टरांनी गोळी वाढवली, मग दुसरी जोडली. घरात संशय माझ्यावरच, की हा बाहेर गुपचूप जिलेबी खातो. या सगळ्या काळात ब्रश करताना थुंकीत रक्त येत होतं. मी काय केलं? ब्रश बदलला! डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण दात दुखत नव्हता. त्यांनीही कधी तोंड उघडायला लावलं नाही. त्यांना दोष देत नाही. पायाची आग, डोळ्यांची तपासणी, किडनी, सगळं विचारायचे. तोंड मात्र दोघांच्याही यादीत नव्हतं.

मुलगी धुळ्याला देवपूरला असते. तिच्याकडे गेलो असताना पोळीचा घास चावताना खालची दाढ हलली. तिने दुसऱ्या दिवशी धरून डेंटल कॉलेजला नेलं. तिथे शिकणारी एक मुलगी, माझ्या नातीएवढी. तिने पहिला प्रश्न विचारला, "आजोबा, शुगर आहे का?" मी म्हटलं, दाताला आणलंय मला, शुगरचं काय? ती हसली आणि बारीक खुणा असलेली एक काडी हिरडीच्या कडेने आत घालून आकडे बोलू लागली. तीन, चार, सहा, पाच, सात. दुसरा मुलगा लिहून घेत होता. आम्ही पूर्वी शाखेत लेजर टिक करायचो, एक जण वाचायचा आणि एक जण खूण करायचा, अगदी तसं. निरोगी हिरडी दातापासून तीन मिलिमीटरपर्यंतच सुटी असते. त्याच्या पुढे गेली की तिथे खिसा तयार होतो. माझे पाच-सहा-सातचे खिसे बरेच निघाले.

त्या मुलीने समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. दातावर रोज चिकट थर बसतो, त्यात जंतू असतात. तो थर निघाला नाही तर त्याचा दगडासारखा कीट होतो. त्याच्या विरोधात हिरडी सुजते, रक्त येतं, खिसा खोल होतो आणि आतलं हाड झिजू लागतं. हे बहुतेक वेळा दुखत नाही, आणि घात तिथेच आहे. अशा सगळ्या खिशांची आतली कातडी पसरून मोजली तर काही चौरस सेंटिमीटरची ओली जखम होईल. एवढी जखम पायाला असती तर आपण रात्रीच डॉक्टर गाठला असता! ही सूज फक्त हिरडीत राहत नाही. तिच्यातून निघणारे पदार्थ रक्तात जातात आणि इन्सुलिनचं काम अडवतात, म्हणून शुगर वाढते. उलट शुगर वाढलेली असली की जंतूंशी लढायची ताकद कमी होते आणि हिरडी आणखी बिघडते. म्हणजे व्याजावर व्याज, दोन्ही खात्यांत.

चार-पाच खेपा झाल्या. दात साफ केले, खिशांच्या आतून मुळं खरवडली, एक दाढ काढावी लागली. तीन महिन्यांनी आकडा ८.३ आला. आता हे सगळं दातामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कारण त्याच काळात मी घाबरून जेवणही सांभाळलं होतं. पण अशा उपचाराने साधारण पाव ते अर्धा टक्का फरक पडतो असं अभ्यासांतून दिसलेलं आहे, आणि शुगरवाल्याला अर्धा टक्का म्हणजे काय ते इथल्या निम्म्या सभागृहाला माहीत आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. अलीकडे 'फंक्शनल डेंटिस्ट्री' असं नाव ऐकू येतं. म्हणजे एकटा दात न बघता चावणं, श्वास, झोप, आहार, शुगर, सगळं मिळून बघायचं. विचार चांगलाच आहे. पण या नावाखाली कोणी महागड्या तपासण्यांचं पॅकेज दाखवलं किंवा रूट कॅनाल केलेले सगळे दात काढून टाका म्हटलं, तर उठून घरी या. हे पूर्वी होऊन गेलेलं आहे. १९१० मध्ये विल्यम हंटर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडात भाषण करून तोंडातल्या जंतूंवर अनेक आजारांचं खापर फोडलं. पुढची काही दशकं संधिवातापासून वेडापर्यंत कशावरही लोकांचे चांगले दात उपटले गेले. आजार तिथेच राहिले, दात तेवढे गेले. हृदयाचंही तसंच आहे. हिरड्यांचा रोग आणि हृदयविकार बऱ्याचदा एकत्र आढळतात, पण हिरडी बरी केली की झटका टळतो असं सिद्ध झालेलं नाही, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच सांगितलं. मात्र ज्यांची हृदयाची झडप बदललेली आहे त्यांनी दात काढण्याआधी दातांच्या डॉक्टरांना ते सांगितलंच पाहिजे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा, आणि ती आपल्या मनाने बंद करू नका.

आता खाण्याचं. माझे मेहुणे सगळे दात गेल्यावर दोन वर्षं चहा-बिस्कीट, दूध-पोळी आणि केळं यावर राहिले. कळण्याची भाकरी बंद, मटकी बंद, शेंगदाणे बंद. वजन उतरलं, शुगर चढली, आणि लोक म्हणाले वय झालं. कवळी बसवली, महिनाभर कुरकुर केली, आणि मग भरीत-भाकरीवर असे बसले की बहिणीला पुन्हा पीठ थापावं लागलं! (कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची असते. हे ते अजून ऐकत नाहीत.) आणि घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्यांचं तोंड रोज पुसून साफ करा. तोंडातली घाण श्वासाबरोबर छातीत उतरून न्यूमोनिया होतो.

शेवटचं सांगणं जड आहे. आपल्याकडे तव्यावर तंबाखू भाजून मिसरी करायची रीत घराघरांत होती. माझी आई म्हणायची, "मिसरी लावाबिगर पोट साफ व्हत नही." तिला आम्ही कधी अडवलं नाही. पण धुळ्याच्या शाखेत आमचा एक शिपाई होता, चाळिशीचा, हसरा. गुटख्याची पुडी कायम गालात. आधी तिखट लागेना, शेवभाजीचा रस्सा तोंडात धरवेना. मग तोंड उघडणं कमी होत गेलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, तो त्याने मला दाखवलाही होता. मी म्हटलं, उष्णता झाली असेल, तूप लाव. माझ्या घरी तेव्हा हेच सांगायचे. सहा महिन्यांनी मुंबईला टाटाला नेलं तोवर उशीर झाला होता. त्याच्या फंडाचे कागद मीच भरले.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी आपल्या पार्किंगच्या कोपऱ्यात सकाळी झाडताना पुड्या निघतात. त्या फक्त बाहेरच्यांच्या नसतात, एवढंच बोलतो.

आता सगळ्यांनी एक करा. उजव्या हाताची मधली तीन बोटं जोडा, उभी धरा आणि तोंडात जातात का बघा. लाजू नका, मीही करतो. ज्यांची जात नाहीत, किंवा ज्यांच्या तोंडात दोन आठवड्यांहून जास्त दिवस भरत नसलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा आहे, त्यांनी उद्या सिव्हिलला दाखवायचं. केसपेपर काढायला मी बरोबर येतो, सकाळी नऊला गेटवर असेन.

२० मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन असतो. त्या दिवशी याच हॉलमध्ये दंत तपासणी ठेवायची असं कमिटीने मान्य केलं आहे. नावं लिहायचा कागद वॉचमनच्या टेबलावर आहे. पहिलं नाव माझं, दुसरं आमच्या सौभाग्यवतींचं. त्यांना हे आत्ताच कळतंय.