हिरड्याचा व्यापार आणि रानाचें आयुष्य

त्रिफळाचूर्णाची बाटली शहरांतील पुष्कळ घरांच्या फडताळांत असते. हिरडा, बेहडा व आवळा हीं तीन फळें त्यांत असतात, हेंही बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु त्यांतील हिरडा कोणत्या डोंगरावरून आला, तो कोणीं वेंचला आणि वेंचणाराच्या पदरांत काय पडलें, ही विचारपूस सहसा होत नाहीं. शाश्वत विकासांत व्यापाराचें स्थान कोणतें, ह्या मोठ्या प्रश्नाचें उत्तर मात्र ह्या लहानशा विचारपुशींतच दडलेलें आहे.

पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत घोडेगांवाहून भीमाशंकराकडे जाऊं लागलें, म्हणजे वाटेंत तळेघर लागतें. सह्याद्रीचा माथा येथून जवळ आहे. पावसाळ्यांत धुकें आणि संततधार, खाचरांत भात, उतारावर नाचणी व वरई. आणि उन्हाळ्यांत रोकड पैशाची टंचाई. महादेव कोळी हे येथील जुने रहिवासी. त्यांच्या बांधांवर, मालकीच्या जमिनींत आणि भोंवतालच्या रानांत हिरड्याचीं झाडें आहेत. भात घरीं खावयाचा आणि हिरडा बाजारीं न्यावयाचा, असा येथील संसाराचा साधा हिशेब आहे. मीठमिरची, कापडचोपड, मुलांच्या वह्यापुस्तकें आणि पावसाळ्याची बेगमी ह्यांचा भार बव्हंशीं ह्या फळानें वाहिला आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागांतही हीच स्थिति आढळते.

एकाच झाडाचें फळ बाजारांत तीन नांवांनीं ओळखलें जातें. आंत आठोळी धरण्यापूर्वीं तोडून वाळविलेलें कोवळें फळ तो बाळहिरडा. त्याहून वाढलेला तो चांभारी हिरडा. आणि पूर्ण पक्व झालेला तो सुरवारी हिरडा. बाळहिरड्यास भाव अधिक मिळतो. उन्हाळ्याच्या अखेरीस तो उतरवून पाऊस येण्याच्या आंत वाळवावा लागतो. भिजला, तर बुरशी चढते आणि मालाची किंमत पडते. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ सह्याद्रीवरून गेलें, तेव्हां जुन्नर-आंबेगांवांतील हिरड्याची फार हानि झाली. वर्षाची कमाई एका दिवसांत कशी जाते, हें त्या दिवशीं घरोघर दिसलें.

चांभारी हिरड्याच्या नांवांतच त्याचा जुना उपयोग सांगितला आहे. त्याच्या सालींत कातडें कमावण्यास लागणारें टॅनिन भरपूर असतें, म्हणून एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून हिरडा विलायतेस जात असे. पुढें १८८४ सालीं अमेरिकेंत ऑगस्टस शुल्ट्झ ह्यांनीं क्रोमच्या क्षारानें कातडें कमावण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. आठवड्यांचें काम थोडक्या वेळांत होऊं लागलें आणि झाडाच्या सालीफळांची मागणी उतरली. नवी कृति जलद ठरली. परंतु तिचें सांडपाणी नदीनाल्यांत सोडल्यास होणारी हानि कातड्याच्या किंमतींत कोणीं धरली नाहीं. जो खर्च वहींत मांडला जात नाहीं, तो कोणाला तरी भरावाच लागतो.

हिरड्याच्या वहींतही असाच एक न मांडलेला खर्च आहे. ज्याच्या घरांत धान्य संपलें आहे, त्याला भावाची वाट पाहतां येत नाहीं. त्यानें सावकाराकडून उचल घ्यावी आणि हंगामांत माल त्याच्या मापानें घालावा, ही रीत डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. ती मोडण्यासाठीं १९७२ सालीं राज्याचें आदिवासी विकास महामंडळ स्थापन झालें व १९७६ च्या कायद्यानें एकाधिकार खरेदीस आधार मिळाला. हेतु निःसंशय चांगला होता. परंतु खरेदीकेंद्र वेळेवर उघडलें नाहीं किंवा चुकारा लांबला, तर गरजू माणूस पुन्हां जुन्याच दारीं जातो. कायदा भाव ठरवूं शकतो. भूक थांबवून ठेवूं शकत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. भाताच्या राबासाठीं झाडांच्या फांद्या तोडण्याची चाल ह्या भागांत जुनी आहे. ज्या झाडापासून दरवर्षीं पैसा येतो, त्यावर कोयता घालतांना हात आखडतो. म्हणजे हिरड्याला भाव असणें, हेंच त्याचें एक संरक्षण आहे. तो भाव नाहींसा झाला, कीं झाडाची किंमत जळणाइतकी उरते. परंतु ह्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सारा भाव कोवळ्या फळाला आणि पिकल्या फळाला जवळजवळ कांहींच नाहीं, अशी स्थिति झाली, तर झाडावर बीं धरावयास फळ उरणार नाहीं. आजचीं झाडें उभीं राहतील. त्यांच्या खालीं रोपें मात्र दिसणार नाहींत. १९८७ सालीं ब्रुंटलंड आयोगानें, आजच्या गरजा भागवितांना पुढील पिढ्यांचा वांटा खाऊं नये, असें जगाला सांगितलें. तळेघरच्या डोंगरावर त्या वचनाचा अर्थ इतकाच, कीं कांहीं फळें झाडावर पिकूं द्यावीं.

तीं पिकूं देण्याचा तोटा मात्र एकट्या वेंचणारानें कां सोसावा? येथेंच व्यापाराचें कर्तव्य सुरू होतें. भीमाशंकराच्या परिसरांत ह्याचें एक उदाहरण घडलें आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ह्या संस्थेनें महादेव कोळी वेंचणारांना संघटित केलें आणि त्यांचा बेहडा फेअरवाइल्ड प्रमाणपत्रासह ब्रिटनमधील पुक्का हर्ब्स ह्या कंपनीपर्यंत पोंचविला. फळ किती काढावें आणि झाडावर किती राखावें ह्याचे नियम, आणि त्याबद्दल योग्य मोबदला, असा तो करार आहे. बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलींत धनेश पक्षी घरटें करतो. त्यामुळें झाड राखलें, कीं पक्ष्याचें घरही राखलें जातें.

कायद्याची अनुकूलताही आतां आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर ग्रामसभेचा व वेंचणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे. पण हक्क कागदावर असणें आणि तराजू हातांत असणें, ह्यांत अंतर आहे. गांवांतच माल वाळविण्याचे ओटे, कोरडें कोठार, खरा कांटा आणि मोजमाप होतांच रोख पैसा, इतकीं साधनें मिळालीं, तर विकणारा घाईनें विकणार नाहीं. आठोळी काढून साल व चूर्ण तेथेंच तयार झालें, तर किंमतीचा मोठा भाग डोंगरावर राहील.

औषधांच्या कारखानदारांनीं हंगामापूर्वीं भाव जाहीर करावा, पिकल्या फळालाही मान द्यावा आणि कोणत्या गांवचा माल घेतला तें वेष्टनावर छापावें. ह्यांत दानधर्म नाहीं. ज्या झाडावर धंदा उभा आहे, तें राखण्याचा तो खर्च आहे. आणि शहरांतील गृहस्थगृहिणींनीं बाटली उचलतांना तें गांवाचें नांव शोधावें. गिऱ्हाइकानें विचारलें, तरच दुकानदार विचारील; दुकानदारानें विचारलें, तरच कारखाना उत्तर देईल; आणि तें उत्तर तळेघरच्या बांधावरील हिरड्यापर्यंत पोंचेल.