उदीम आणि समाजाची विद्या

(मुक्ताईनगर येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



धंदा शेटजीने करावा, शास्त्र भटजीने शिकावे आणि आपण नुसते राबावे, ही वाटणी फार दिवस आपल्या माथी मारली गेली. ती खोटी आहे, एवढेच सांगण्यास आम्ही उभे आहोत.

जोतीराव फुले हे पुण्यास बांधकामाची कंत्राटे घेत. त्याच धंदेवाल्या पुरुषाने १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून कुणब्याचे कर्ज, सारा, कोर्टकचेरी व घरखर्च यांचा झाडा घेतला. पैसा कोणाच्या घामातून निघतो आणि कोणाच्या घरी जातो हे शोधणे, यालाच आम्ही समाजाची विद्या म्हणतो.

दुसरा दाखला नगर जिल्ह्याचा, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी. ऊस आपला, पण गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या हाती, हे दुःख त्यांनी ओळखले. त्यांना पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ येऊन मिळाले. १९५० साली प्रवरेकाठी शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे त्याच परिसरात शाळा, कॉलेजे व इस्पितळ उभे राहिले. गाडगीळ जातीने ब्राह्मण होते. पण आमचे वैर ब्राह्मण्याशी आहे, विद्येशी नाही. मागाहून ठिकठिकाणचे कित्येक कारखाने पुढाऱ्यांची वतने बनले, काही बुडाले. जेथे सभासद हिशेब विचारणे सोडतो, तेथे सहकाराचे नुसते नाव उरते.

आता आपल्या घरचे पाहू. तापी-पूर्णेच्या काठी आपण केळी पिकवतो. बऱ्हाणपूर-रावेरचा भाव कानी येतो. पण आपल्या बागेत त्यातून किती कापले व का, हे कोण लिहून ठेवतो? गावोगाव एक वही घाला. रोप, खत, पाणी, कापणी, हमाली, अडत, गाडीभाडे, तूट, आणि शहरातले गिऱ्हाईक डझनाला काय मोजते, सर्व लिहा. बायांची मजुरी निराळी मांडा. हिशेबात तीच पहिल्याने लपते. वहीत जेथे मोठी गळती दिसेल, तेथेच आपला उदीम उभा करा. कोठे केळी पिकविण्याचे गोदाम निघेल, कोठे वेफरचा कारखाना, कोठे लोहाराच्या भात्याला कापणीच्या हत्यारांचे काम मिळेल.

असा धंदा एका घराचे पोट भरून थांबत नाही. गावातला पैसा गावात फिरवतो. मात्र त्याची वही सर्वांस उघडी असली पाहिजे. वर्षाने याच ठिकाणी जमा, आणि आपापली वही मोठ्याने वाचून दाखवा.