एका थेंबातील साक्ष



तापाने फणफणलेल्या माणसाचे रक्त आरोग्य केंद्रात काढले जाते आणि काही दिवसांनी एक कागद हाती येतो. त्यावर ‘विषाणू आढळला’ किंवा ‘आढळला नाही’ एवढेच लिहिलेले असते. सुई टोचल्यापासून तो कागद हाती येईपर्यंत काय घडते, हे सहसा कोणी विचारीत नाही. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतील रहिवाशांना मात्र ते जाणून घेण्यास सबळ कारण आहे.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, त्या तापाचा विषाणू शोधून काढला. हाच माकडताप. गोचिडीच्या दंशातून तो माणसाला होतो. २०१५ साली तो सत्तरी तालुक्यातील पाली गावात दिसून आला. काजूच्या बागायतीत बोंडू व बिया वेचणाऱ्या मजुरांना त्याची बाधा झाली. कारण काजूचा हंगाम आणि गोचिडींचा हंगाम एकच. २०१६ च्या आरंभी दोडामार्ग तालुक्यातील केर येथे साथ उद्भवली. दोडामार्गाला लागूनच डिचोलीचे साळ आणि पेडण्याचे इब्रामपूर व हणखणे हे गाव आहेत. कागदावर तेथे राज्याची सीमा आहे. काजूची बागायत आणि रान मात्र सलग आहे.

या रोगावर विषाणूचाच नाश करील असे खास औषध नाही. तरीही निदानाला मोल आहे. रुग्णाच्या रक्तस्रावाकडे वेळीच लक्ष देता येते, आणि तो ज्या रानात गेला होता तेथे जाणाऱ्या इतरांना सावध करता येते. म्हणून निदान जलद आणि बिनचूक हवे. पूर्वी रुग्णाचे रक्त उंदरांच्या पिलांना टोचून, ती आजारी पडतात की काय याची दिवसेंदिवस वाट पाहावी लागे. आता विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधले जाते.

हे द्रव्य म्हणजे आरएनए. माकडतापाच्या विषाणूत ते सुमारे पावणेअकरा हजार अक्षरांच्या एका धाग्याच्या रूपाने असते. धागा अतिशय नाजूक असतो; हाताच्या घामातील विकरही त्याचे तुकडे करू शकते. जुन्या पोथीचे पान हाताळावे त्याहून अधिक जपून तो हाताळावा लागतो. शिवाय तो मिसळलेला असतो रक्तातील प्रथिनांच्या गर्दीत.

प्रचलित एका पद्धतीत रक्तद्रवाचे १४० मायक्रोलिटर, म्हणजे जेमतेम तीन थेंब घेतात. त्यांत ग्वानिडिनियम क्षाराचे तीव्र द्रावण मिसळतात. त्याने विषाणूचे आवरण फुटते, विषाणू निर्जीव होतो आणि आरएनए तोडणारी विकरेही निकामी होतात. या विषाणूची बाधा प्रयोगशाळेतील माणसांनाही होत आली आहे. त्यामुळे ही पहिली पायरी त्यांच्या रक्षणाचीही असते, आणि ती बंदिस्त सुरक्षित कपाटातच पार पाडतात. पुढे मद्यार्क घालून ते मिश्रण सिलिकाच्या पातळ पटलातून जाऊ देतात. वाळूचाच घटक असलेली ही सिलिका त्या क्षाराच्या सान्निध्यात जनुकीय द्रव्याला धरून ठेवते. ॲमस्टरडॅमच्या बूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली या गुणावर आधारलेली सुटसुटीत पद्धत प्रसिद्ध केली. प्रथिने व इतर गाळ दोन वेळा धुऊन काढल्यावर पटलावर आरएनए उरते. ते अत्यंत शुद्ध पाण्याच्या एका थेंबात उतरवून घेतात.

त्यानंतरची पायरी पीसीआरची. तीत आरएनएची प्रथम डीएनएमध्ये नक्कल करतात आणि मग त्या नकलेची दर फेरीत दुप्पट करतात. एका नकलेच्या तीस फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक नकला होतात. या गुणाकाराचे कौतुक सर्वत्र होते. परंतु शून्याची दुप्पट शून्यच. वाटेत उन्हाने नमुना तापला, धुलाईत मद्यार्क मागे राहिला किंवा रक्त चुकीच्या नळीत घेतले, तर यंत्र कितीही महागडे असो, आजार असूनही ‘आढळला नाही’ असेच उत्तर येते. उलट शेजारच्या नळीतून एखादा तुषार उडाला, तर निरोगी माणूस रोगी ठरतो. म्हणून प्रत्येक खेपेला नुसत्या पाण्याची एक नळी आणि ज्ञात आरएनएची एक नळी सोबत तपासतात. या दोन साक्षीदारांची साक्ष जुळली तरच बाकीचे निष्कर्ष ग्राह्य धरतात.

२०२० साली या पायरीचे महत्त्व साऱ्या जगाला कळले. करोनाच्या आरंभी गोव्यातील नमुने पुण्याला पाठवावे लागत. २५ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले तीन रुग्ण निश्चित झाले. त्याच सुमारास नौदलाच्या डॉर्नियर विमानाने गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे पथक प्रशिक्षणासाठी पुण्याला नेण्यात आले, आणि लवकरच बांबोळीला तपासणी सुरू झाली. त्या काळात जगभर अनेक ठिकाणी यंत्रे सज्ज होती, पण आरएनए वेगळे करण्याचे संच मिळत नव्हते. तपासणीचा वेग या दुर्लक्षित पायरीने ठरविला.

माकडतापाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते. विषाणू रक्तात प्रामुख्याने आजाराच्या पहिल्या दिवसांत असतो. नंतर तो ओसरतो आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे दिसू लागतात. उशिरा घेतलेल्या रक्तात आरएनए सापडले नाही, तर ‘माकडताप नव्हता’ असे म्हणता येत नाही. तेव्हा प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. कोणती तपासणी योग्य, हे ताप कोणत्या दिवशी आला यावर अवलंबून असते. ती तारीख कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ती ठाऊक असते घरच्या माणसांना.

म्हणून साळच्या किंवा हणखण्याच्या बागायतीतून परतलेल्या माणसाला ताप भरला, तर तीन गोष्टी डॉक्टरांना अवश्य सांगाव्यात : ताप आल्याचा दिवस, रानात गेल्याचा दिवस आणि तेथे मेलेले माकड दिसले की नाही. मेलेल्या माकडाला हात लावू नये. आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे. बांबोळी किंवा पुण्याची प्रयोगशाळा एका थेंबातून जी साक्ष काढते, तिचा खरा अर्थ या तीन उत्तरांशी ताडून पाहिल्यावरच लागतो.