आधी घास, मग शब्द

पक्षाघाताने ज्यांच्या घरचे माणूस अंथरुणास खिळले आहे, त्यांचा पहिला प्रश्न 'वाचा केव्हा परत येईल?' हाच असतो. त्यामुळे वाचोपचारतज्ज्ञ उशाशी बसून प्रथम रुग्णाचे गिळणेच तपासू लागला, म्हणजे आप्तेष्टांना ते अप्रस्तुत वाटते. परंतु ज्या ओठांनी, जिव्हेने आणि घशाने शब्द घडतो, त्यांनीच घासही मार्गस्थ होत असतो.

मळ्यात दारे धरणारा गडी एका वाफ्यात पाणी सोडताना दुसऱ्याचे तोंड मातीने बुजवतो. तद्वत गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाऊन श्वासनलिकेचे दार क्षणभर मिटते. पक्षाघाताने हा गडी मंदावला, की दार मिटण्यापूर्वीच पाणी फुफ्फुसांच्या वाफ्यात शिरते आणि न्यूमोनिया उद्भवतो. पातळ पाणी सर्वांत वेगाने धावते. म्हणून रुग्णाची परीक्षा करून तज्ज्ञ कोणाचे पेय दाट करवितो, कोणास हनुवटी छातीकडे झुकवून गिळावयास सांगतो, आणि व्यायाम देऊन त्या गड्यास पुन्हा कामावर रुजू करतो. तेव्हा माझी सक्त ताकीद आहे : आडव्या निजलेल्या रुग्णाच्या मुखात मायेपोटीही चमचाभर पाणी घालू नका!

आता वाचेविषयी. १८६१ साली पॅरिसमध्ये डॉक्टर पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्यास 'तान' याखेरीज जवळजवळ काहीच उच्चारता येत नसे, तरी बोललेले बरेचसे कळत असे. वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली, असे नव्हे. अशा माणसाशी ओरडून बोलू नये. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर भागेल असे प्रश्न विचारावेत आणि उत्तरासाठी स्वस्थपणे थांबावे. ज्यास साधे वाक्य जुळवता येत नाही, असा एखादा रुग्ण आरती मात्र सुरात म्हणतो. त्या सुरांच्या आधाराने शब्दांकडे नेणारी एक उपचारपद्धतीही आहे, पण तिचा विस्तार करण्यास आज अवकाश नाही.

कारण मघाचा मुद्दा मला पुन्हा सांगावयाचा आहे. ठसका लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. काहींच्या फुफ्फुसांत पाणी निमूटपणे उतरते. घोट घेतल्यावर आवाज घरघरीत, ओलसर झाला, वा वारंवार ताप येऊ लागला, तर दिरंगाई न करता डॉक्टरांस कळवा. रुग्णास ताठ बसवूनच भरवा, आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्या. इस्पितळातून घरी नेण्यापूर्वी 'यांचे गिळणे तपासले काय?' एवढे विचारण्यात, कृपा करून, कसूर करू नका.