फोनवरच्या स्थळाची चौकशी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच खेप. शिक्षण म्हणाल तर सातवी. चिटणीसबाईंनी विषय सांगितला तेव्हा मी म्हटले, "अहो, फोनवरून जोडीदार शोधण्याच्या ॲपविषयी मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडले तेच सांगा." वन्संची परवानगी घेऊनच सांगते आहे.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची धाकटी बहीण. त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. ठाण्याला नोकरी करतात, आमच्याकडेच राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी लग्न जुळविणाऱ्या एका ॲपवर नाव घातले, पण घरात कुणाला सांगितले नाही. का सांगितले नाही, याचे उत्तर मला पुढे कळले. एकदा जेवताना शेजारच्या एका बाईंच्या दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला होता आणि मी पोळी वाढता वाढता म्हणून गेले होते, "आता या वयात कशाला?" माझ्या ते ध्यानातही राहिले नाही. त्यांच्या राहिले.

ॲपवर त्यांना एक गृहस्थ भेटले. लंडनला डॉक्टर, मूळचे सोलापूरचे, असे लिहिलेले. दोन दिवसांतच म्हणाले, ॲपवर नको, व्हॉट्सॲपवर बोलू. रोज सकाळी विचारपूस, रात्री जेवलात का. भगिनींनो, 'जेवलात का' एवढे विचारणारे माणूस नसले म्हणजे काय होते, ते जिचे तिलाच ठाऊक! तीन आठवड्यांनी म्हणाले, तुमच्यासाठी भेट पाठवली आहे. मग एका बाईचा फोन आला, दिल्लीच्या विमानतळावरून कस्टममधून बोलते, पार्सल अडकले आहे, ३८ हजार भरा. वन्संनी भरले. मग ४७ हजार. तिसऱ्यांदा दीड लाख मागितले, तेव्हा त्या स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ रडल्या.

पहिले पैसे गेल्याला तोवर अकरा दिवस झाले होते. आम्ही १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला, पोलीस ठाण्यातही गेलो. तिथे नीट ऐकून घेतले, पण रक्कम या खात्यातून त्या खात्यात होऊन केव्हाच पुढे गेली होती. लगेच फोन केला तर बँकेकडून ती वाटेतच थांबविता येते. अकरा दिवस गेले ते लाजेपायी, आणि त्या लाजेत माझ्या त्या एका वाक्याचा वाटा आहे. कस्टम खाते कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला कधी सांगत नाही, हे घरात बोलणे झाले असते तर त्याच दिवशी कळते.

माझे स्वतःचे स्थळ आले तेव्हा वडिलांनी मामाला डोंबिवलीस पाठविले होते. मामाने काय करावे? खालच्या वाण्याला विचारले, यांची उधारी किती थकते? मग दूधवाल्याला गाठले, मग ह्यांच्या कचेरीतल्या शिपायाला. एवढे करून मग चहा प्यायला वर आला. आता स्थळ फोनवर येते आणि चौकशी मात्र आपण सोडून दिली.

तेव्हा आधी ॲपचीच चौकशी करावी. लग्न जुळविणाऱ्या संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने २०१६ साली नियमावली काढली. नाव नोंदविणाऱ्याकडून ओळखीचा पुरावा घ्यावा, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याची माहिती द्यावी, असे तीत आहे. तो अधिकारी जिथे सापडत नाही तिथे नाव घालू नये. काही ॲपवर नावापुढे खूण असते. ती पाहून आपण हुरळतो. माझ्या मुलाने समजावले, की बहुधा चेहरा आणि फोटो जुळतात एवढेच ती खूण सांगते. माणूस विवाहित आहे की नाही, नोकरी खरी की खोटी, ते तिला काय माहीत! त्यानेच त्या डॉक्टरांचा फोटो गुगल लेन्सवर टाकला, तर तेच गृहस्थ परदेशातल्या एका दंतवैद्याच्या जाहिरातीत निघाले, भलत्याच नावाने.

आपल्या तरुण मुली टिंडर, बंबल अशा ॲपवरही असतात. तिथे लग्नाचीच बोली नसते. नाके मुरडून उपयोग नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडला नटूनथटून काय आपण सगळ्या नुसत्या गणपतीच्याच दर्शनाला जात होतो? फरक इतकाच, की तिथे गर्दीत कुणीतरी ओळखीचे भेटे आणि तो कुणाचा मुलगा ते सांगे. फोनमध्ये असे कुणी नाही. म्हणून मुलींना 'जाऊ नको' म्हणण्याऐवजी 'कुठे, कुणाला, किती वाजता भेटणार ते सांगून जा' म्हणावे. भेट माणसांच्या वर्दळीत, दिवसाउजेडी, आणि जाणेयेणे आपले आपण. त्याआधी व्हिडिओवर समोरासमोर बोलणे व्हावे. जो दर वेळी कॅमेरा बिघडल्याचे सांगतो त्याला नमस्कार करावा. घरचा पत्ता, आधारचा फोटो, ओटीपी द्यायचे नाहीत. नको तसले फोटो मागितले किंवा पैशाची गोष्ट काढली, की स्क्रीनशॉट काढून ठेवावेत आणि मगच त्याला बंद करावे. रागाच्या भरात सगळे पुसून टाकले तर पोलिसांना दाखविणार काय? वन्संनी निम्मे पुसले होते.

वर्षभर त्यांनी त्या गोष्टीचे नाव काढले नाही. मग मीच म्हटले, "वन्सं, पुन्हा नाव घाला. या वेळी दोघी मिळून पाहू." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

गेल्या महिन्यात कल्याणच्या एका विधुर गृहस्थांशी भेट ठरली. फडके रोडवरचे हॉटेल, दुपारी चार. मी पलीकडच्या टेबलावर पाठमोरी इडली खात बसले होते. त्या गृहस्थांनी पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आपण होऊन आणली होती. ती वन्संपुढे ठेवून म्हणाले, "माझी बहीण म्हणते, तुमच्याही यजमानांचा दाखला पाहून घ्यावा." वन्सं जरा गोंधळल्या. मला मात्र त्यांची ती बहीण न पाहताच आवडली.

अजून ठरलेले काही नाही. येत्या रविवारी त्या बहीणबाई आमच्या घरी यायच्या आहेत. वाण्याला मी सांगून ठेवले आहे, कुणी काही विचारायला आले तर खरे तेच सांगा, आमची मागची उधारीसुद्धा.