मिरजेची गाडी

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा टाक्या, जवळपास पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं, म्हणून कृष्णेच्या पाण्यावर तहान भागवायची पाळी आली. आम्ही कीर्तनात पावसालाच बोल लावला. घरी परतताना वाटेत आमचाच वाळलेला ऊस दिसला. बोअर आटेस्तोवर त्यालाच मोकाट पाणी पाजलं होतं. अन् सूनबाई टँकरखाली घागर धरून उभ्या! पुढं ऊस मोडला, तूर-सोयाबीन धरलं.

आपल्या दिंडीत मात्र पंगतीला अजून प्लास्टिकचे गिलास. निम्मं पाणी तसंच फेकतात. यंदा ज्यानं त्यानं आपला तांब्या पडशीत घ्यावा. आमचा बांधून ठेवलाय.